डांबराच्या खिडक्या

जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फुई कधी संपत नाही. कापसाचा तो बारीक तंतू सकाळी झाडून काढावा, तर दुपारी पुन्हा वाशांवर, पंख्यावर, माणसाच्या भुवयांवर बसलेला! किश्श्यांचंही तसंच आहे. आमची सहकारी जिनिंग बंद पडून जमाना झाला, सरकी काढायचे रेचे भंगारात गेले, तरी धारूर रोडच्या हॉटेलात आम्ही तिघंचौघं जुनी माणसं चहाला बसलो, की कुणीतरी म्हणतंच, "निवरतीदा, ते विमानाचं सांगा की!" झालं! एक सांगायला घ्यावा, तर त्याला दुसरा चिकटून येतो.

मी शाळेत गेलो नाही. आकडे शिकलो ते कापसाच्या बांधलेल्या गठाणींवरचे. अक्षरं शिकलो ती केस पिकल्यावर, साक्षरतेच्या वर्गात. त्यामुळं माझं लिहिणं माझ्या झाडण्यासारखं आहे. हळू, पण कोपरा सुटत नाही. संस्थेत माझं काम तेच होतं. झाडायचं, रांजण भरायचा आणि लाईट गेली-आली की बटणं बघायची.

हे सगळे किस्से एकाच हॉलचे. वेचणीचा हॉल. वर पत्रे, दक्षिणेला आंधळी भिंत आणि उत्तरेला बारा उंच खिडक्या. खाली वीसेक बाया ओळीनं बसून कापसातला पालापाचोळा आणि कवडी वेचायच्या. कवडी म्हणजे कापसाची किडकी, पिवळी पडलेली पाकळी. पांढऱ्यात ती एक राहिली तरी माल खाली जातो. शेवटच्या खिडकीपाशी एक लाकडी टेबल. तिथं माणिकराव ग्रेडर.

ज्यांनी तो हॉल बांधला त्यांना अक्कल होती. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. त्यात ऊन नाही, चमक नाही. कापूस जसा आहे तसाच दिसतो. माणिकराव मूठभर कापूस घ्यायचे, खिडकीशी धरायचे, उलटा करायचे, सुलटा करायचे, दोन अंगठ्यांत तंतू ओढून बघायचे आणि बोलायचे, "एक नंबर." किंवा दोन, किंवा तीन. त्यावरच भाव ठरायचा. एकदा बोलले की बोलले! अख्ख्या तालुक्यात त्यांच्या नंबराला कुणी दुसरा नंबर सांगत नव्हतं.

आणि ह्याच माणसावर पुढं वेडं व्हायची वेळ आली. नोकरी तर गेल्यातच जमा होती. कशामुळं? उजेडामुळं. त्या उजेडाला डांबर फासलं ते माझ्या ह्या हातांनी. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

*

लढाईचं साल होतं. आमच्या चेअरमनांना सगळे आण्णा म्हणत. मनानं चांगला माणूस, पण रेडिओ कायम कानाला. सकाळी रेडिओनं जे सांगितलं, ते संध्याकाळपर्यंत आमच्या आवारात झालंच पाहिजे! एक दिवस रेडिओ म्हणाला, शहरांतल्या लोकांनी खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावावा.

आण्णांनी कागदावर भागवलं नाही. "कागद फाटतोय बे. डांबर लावा. सडकेच्या कामाचं पिंप पडलंय की!"

मॅनेजर साहेब जरा बिचकत म्हणाले, "आण्णा, विमान धारूरच्या डोंगरात कशाला येईल?"

"कावून येणार न्हाई? परळीला विजेचा कारखाना हाय. त्याला परळी घावली न्हाई, तर वाटंत पहिलं आपलंच गाव!"

मग काय! मी शिडी लावली. बारा खिडक्या, एकेका खिडकीला आठ काचा. तरणा होतो, कामाची हौस होती. कुठं एक ठिपका सोडला नाही. आण्णा आत येऊन उभे राहिले आणि खूष झाले. "शाब्बास निवरती! हाताला हात दिसंना!"

तेवढ्यात माणिकरावांनी आण्णांना बाहेर आवारात नेलं. तिथं कापसाचा ढीग होता, घराएवढा उंच, पांढरा लख्ख. "आण्णा, खिडक्या झाल्या. पण ह्यो डोंगर? ह्यो तर वरून चंद्रासारका दिसंल."

आण्णांनी ढिगाकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं. शेवटी कुंचा हातात धरून मीच खरंखुरं विचारलं, "आण्णा, पिंपात एवढं डांबर न्हाई. दुसरं आणू का?"

*

लढाई लवकर संपली. डांबर राहिलं. कारण रेडिओनं लढाई संपल्याचं सांगितलं, डांबर काढा म्हणून कुठं सांगितलं?

मी मॅनेजर साहेबांना विचारलं, "काढू का?" ते म्हणाले, "चेअरमनच्या हुकुमानं लागलेली वस्तू शिपायानं काढायची नसते. सहकार आहे हा! ठराव लागतो." आणि ठरावाऐवजी त्यांनी हॉलमध्ये दोन ट्यूब लावल्या. एक बरी होती. दुसरीचा चोक बिघडलेला. ती दिवसभर डोळे मिचकावायची.

आमच्या हॉलात सोजरबाई नावाची बाई वेचणीची म्होरकी होती. गळा असा, की रेचे चालू असतानाही तिची ओवी आवारात ऐकू यायची. एक ओवी ती म्हणायची, पुढची ओळीतली दुसरी कुणी बाई उचलायची, असं दिवसभर चालायचं. ट्यूब लागल्यावर पहिल्या महिन्यात ओव्या कमी झाल्या. दुसऱ्या महिन्यात संपल्या. तिसऱ्या महिन्यात भांडणं सुरू झाली!

कसली? तर हातातली पाकळी कवडी आहे का पांढरी!

"अगं सटवे, ही पिवळी धमक हाय!"

"तुजे डोळे पिवळे झालेत! पांढरी हाय!"

एकदा सोजरबाई आणि तिची शेजारीण ह्या वादावरून उठून दारात गेल्या. दारातल्या उजेडात दोघींनी पाकळी बघितली. मग एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. दोघींच्या भुवयांवर, नाकावर, मिशीच्या जागेवर फुई बसलेली. दोघी अशा हसल्या, अशा हसल्या, की खाली बसल्या! आत आल्या तेव्हा एकमेकींच्या खांद्यावर हात होता.

मॅनेजर साहेबांनी हे बघितलं आणि त्याच दिवशी हुकूम काढला. "कामाच्या वेळेत कुणीही बाहेर जायचं नाही. भांडायचं असेल तर आत भांडा!"

*

मग दुष्काळ पडला. बाहत्तरचा. त्याचं मी वेगळं काय सांगू! कापूस आला तो पाटीनं मोजावा एवढा, आणि त्यातही कवडीच जास्त. हॉलात कुणी कुणाशी बोलेना. डोकी दुखायची. एक बाई काही कारण नसताना रडायला लागली, की तिच्याकडं बघून चार रडायच्या. मॅनेजर साहेब घाबरले. त्यांनी ठरवलं, हॉलात काहीतरी बाहेरचं शिरलंय.

डोंगराकडच्या एका वाडीतून भगत आणला. पागोटं, घुंगरांची काठी, सगळं शिस्तशीर. तो बाहेरच्या भर दुपारच्या उन्हातून हॉलच्या दारात आला, एक पाऊल आत टाकलं, थांबला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "इथं अंधार लई हाय. आदी दिवा लावा."

मॅनेजर साहेबांच्या अंगावर काटा! "बघा! बघा! आल्या आल्या ओळखलं!"

मागून सोजरबाई म्हणाली, "साहेब, एवढं तर माजी चार वर्साची नात बी सांगती. तिला नारळ न्हाई लागत."

नारळ फुटला. दिवा लागला. भगत गेल्यावर तेल संपलं आणि दिवा विझला. ट्यूब आपली मिचकावतच होती.

*

दुष्काळी कामं निघाली. आमच्या गावाजवळ सडकेसाठी खडी फोडायचं काम निघालं, आणि एक दिवस सकाळी हॉलात सोजरबाई नाही! दुसऱ्या दिवशी पाच बाया नाहीत. आठवड्यात अर्धा हॉल रिकामा.

मॅनेजर साहेबांना काही उमजेना. इथं सावली, बसून काम, रांजणाचं पाणी. तिथं डोक्यावर ऊन, हातात हातोडी, पायाखाली दगड. मजुरीत म्हणावा असा फरक नाही. मला म्हणाले, "निवृत्ती, ह्या बायांची बुद्धी फिरली. मी जाऊन समजावून आणतो."

मी बरोबर गेलतो. सडकेच्या कडेला बाया ओळीनं बसलेल्या. हातोड्या चालू, तोंडं चालू. लांबूनच ओवी ऐकू आली. सोजरबाईचा गळा परत आला होता!

साहेब म्हणाले, "सोजरबाई, सावली सोडून उन्हात कशाला मरता?"

तिनं हातोडी खाली ठेवली. "साहेब, उन्हानं कातडं जळतंय, खरं हाय. पण इथं शेजारणीचं तोंड दिसतंय. तुमच्या हॉलात दिवसभर बसलं ना, की घरी जाताना वाटायचं, मी सकाळी हुते का न्हवते?"

साहेब दगडावर टेकले. कुणीतरी त्यांना दुष्काळी कामावर खायला मिळायची ती सुकडी दिली. मग ते कुठल्यातरी बाईच्या जावयाची गोष्ट ऐकत बसले. मग स्वतःच्या मेव्हण्याची सांगायला लागले. दिवस कलला तरी उठेनात! परत आलो तेव्हा साहेबांचं नाक लाल झालेलं, पण चाल लग्नातून जेवून निघाल्यासारखी.

एकही बाई बरोबर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी छत्री घेतली. मी विचारलं, "साहेब, कुठं?"

म्हणाले, "त्यांना समजवायला. हे काम एका दिवसात होणारं नाही!"

*

बाया निघून गेल्या, पण माणिकराव कुठं जाणार? ग्रेडरला टेबल सोडता येत नाही. ते त्या मिचकावणाऱ्या ट्यूबखाली बसत. अंदाजानं जमवत होते. नजर वीस वर्षांची होती ना! अंधारातही चालली काही दिवस.

मग एक म्हातारी आली. डोंगरातल्या कुठल्या तरी वाडीची. डोक्यावर लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं छोटं गाठोडं. माणिकरावांनी मूठभर कापूस ट्यूबखाली धरला. बघितला. "तीन नंबर."

म्हातारी काही भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, घागरीनं पानी घालून जगवलीत झाडं. डोंगराखालून घागर आणायचे. मला वाटलं हुतं, पांढरा हाय."

आणि गेली.

माणिकरावांच्या मुठीत नमुना तसाच राहिला होता. जेवायच्या सुट्टीत ते बाहेर आले, रांजणापाशी, आणि सवयीनं मूठ उघडली. मी तिथंच होतो. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कापूस दुधासारखा होता! एक नंबर. दुष्काळातला एक नंबर!

डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही, तसे ते सडकेनं पळत सुटले. फाट्यापर्यंत गेले. तिथून डोंगराकडं तीन वाटा जातात. म्हातारी कुठल्या वाटेनं गेली, कुणाला माहीत नाही. नाव विचारलेलं नव्हतं. ती पुन्हा कधी आली नाही.

त्या दिवसापासून माणिकरावांचा नंबर हलायला लागला. "दोन... न्हाई, एक... थांबा, दोन." प्रत्येक मूठ घेऊन दारात जायचे, परत यायचे, परत जायचे. घरी भाकरी हातात घेऊन बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, विचारायचे, "ही पांढरी हाय का पिवळी?" झोप गेली. जेवण गेलं. ज्या माणसाच्या शब्दावर तालुका चालायचा, तो मला विचारायला लागला, "निवरती, हे माजं धोतर कसलं दिसतंय?"

मी म्हणालो, "पांढरं हाय, माणिकराव."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

*

शेवटी वहिनी, मॅनेजर साहेब आणि मी त्यांना घेऊन अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. मनाचा डॉक्टर होता. पोरसवदा, पण शांत. त्याची खोली उत्तरेच्या अंगाला होती. मोठी खिडकी, स्वच्छ काच.

डॉक्टर विचारत होता, "झोप लागते का? भीती वाटते का? मनात काय विचार येतात?" माणिकराव खाली बघून नुसते हुं हुं करत होते. मग डॉक्टर उठून खिडकीपाशी गेला, आणि माणिकरावांनी मान वर केली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांची नजर एका जागी थांबली.

"डॉक्टर साहेब," ते म्हणाले, "जरा हिकडं वळा."

डॉक्टर वळला. माणिकरावांनी त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरली, उलटी केली, सुलटी केली. "अंगाचा कपडा एक नंबर हाय. बाही दोन नंबरच्या कापडाची जोडलीय. शिंप्यानं फसवलं तुमाला!"

वहिनी रडायलाच लागल्या. डॉक्टर मात्र कोट काढून खिडकीत धरून बघत राहिला. मग हसला, बसला आणि नीट विचारायला लागला, "तुम्ही कामाला कुठं बसता? तिथं खिडकी आहे का?" सगळं ऐकून घेतलं. गोळ्या दिल्या झोपेच्या, थोड्या. आणि कागदावर लिहून दिलं की, ह्यांना दिवसाच्या उजेडात बसवा.

वाटेत मॅनेजर साहेबांनी तो कागद तीनदा वाचला. "गोळ्या मिळतील," ते म्हणाले. "पण हे दुसरं? ह्याला ठराव लागेल!"

*

आणि ठराव आला! सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर दोन विषय. पहिला: ग्रेडर माणिकराव यांच्या कामाबद्दलच्या तक्रारी. दुसरा: वेचणी हॉलच्या खिडक्यांचे डांबर काढणे.

सभा हॉलातच होती. शंभरेक सभासद आले, फेटे, टोप्या, विड्या. आण्णा खुर्चीत बसले. मॅनेजर साहेब पत्रिका वाचायला उभे राहिले आणि लाईट गेली. परळीला एवढी वीज होते, पण आमच्यापर्यंत यायला तिला लाज वाटायची!

अंधार गुडुप. मागून कुणीतरी ओरडलं, "आण्णा, इथं शेजारी कोण बसलंय ते कळंना, मतदान कुणाचं घेता?"

आण्णा म्हणाले, "चला बाहेर! लिंबाखाली बसू."

सगळी सभा उठून आवारात, लिंबाच्या झाडाखाली. ऊन कसं लख्ख पडलेलं! पहिला विषय झाला. लोक चिडलेलेच होते. ठरलं, पुढच्या सभेत बाहेरचा ग्रेडर आणायचा, सगळ्यांसमोर माणिकरावांची टेस्ट घ्यायची. पास झाले तर ठेवायचं, नाही तर घरी. माणिकराव लिंबाच्या बुंध्याला टेकून उभे होते. मान खाली.

मग दुसरा विषय. मॅनेजर साहेबांनी वाचलं, "उजेड कमी असल्याकारणाने..."

एक सभासद कपाळावर हात आडवा धरून उठला. डोळे उन्हानं दिपलेले. "कुठं कमी हाय उजेड? अं? डोळे फुटायची पाळी आलीय!"

"खरं हाय!" चारपाच जण बोलले. "उजेडाला काय धाड भरलीय! दुष्काळात कायतरी कामाचं बोला!"

विषय तहकूब. पुढच्या सभेपर्यंत. आणि पुढची सभा चार महिन्यांनी!

*

आता शेवटचा सांगतो.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी झाडताना मी विचार केला. डांबर काढायला ठराव लागतो. झाडायला लागत नाही. काचेवर फुई बसली, तर ती पुसणं माझं काम. आता पुसताना फडक्याला थोडं रॉकेल लागलं, फडक्याखाली बोटाचं नख आलं आणि नखाला थोडं डांबर आलं, तर तो काय ठराव मोडला का?

मी माणिकरावांच्या खिडकीपासून सुरू केलं. पहिल्या दिवशी मसुरीच्या डाळीएवढा ठिपका. बस्स. दुसऱ्या दिवशी चिंचोक्याएवढा. घाई कशाला? डांबर माझ्याच हातचं होतं, एक ठिपका न सोडता लावलेलं. निघायला वेळ घेणारच. आधी त्यांची खिडकी, मग बाकीच्या. रोज एकेका काचेला बोटभर, रोज बोटभर.

तिसऱ्या दिवशी मी बघितलं, माणिकरावांनी मूठ घेतली आणि हात आपोआप त्या ठिपक्याकडं गेला, जसं जनावर पाण्याकडं जातं. त्यांना ते कळलंही नाही. आठ दिवसांनी खुर्ची जरा तिकडं सरकली. महिन्यानं ते दारात जायचे थांबले.

एकदा मॅनेजर साहेब नाक वर करून म्हणाले, "निवृत्ती, रॉकेलचा वास कसला रे?"

मी म्हणालो, "उजेडाचंच काम चालू हाय, साहेब." त्यांना कंदील वाटला असावा. ते गेले.

तुम्ही म्हणाल, कुणालाच कसं दिसलं नाही? अहो, रोज बोटभर वाढणारी गोष्ट कुणाला दिसते! पोर रोज वाढतं, ते आईला दिसतं का? पाहुण्याला दिसतं.

पाहुणी आली सोजरबाई. राहिलेली पाटी न्यायला. हॉलात आली, थांबली, वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी झाडत होतो. तिनं पाटी तिथंच ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सात बाया कामावर परत! आणखी आठ दिवसांनी ओवी.

हॉलाचा रंगच पालटला. भांडणं गेली, डोकेदुखी गेली. मॅनेजर साहेब सगळ्यांना सांगायचे, "नारळ पावला!" आण्णा म्हणायचे, "सभेत मी कडक बोललो ना, त्याचा हा गुण!" वहिनी गोळ्यांचं नाव घ्यायच्या. मी रांजण भरायचो.

चार महिने संपले. सभा भरली. ह्या वेळी बाहेर जायची गरज पडली नाही. लाईट नव्हती, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही!

बाहेरचा ग्रेडर आला होता. जाड चष्मा, कडक इस्त्री. त्यानं सात पुड्या टेबलावर मांडल्या. नंबर त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर. मागं बाया उभ्या. वहिनी दाराबाहेर, आत यायची हिंमत नाही.

माणिकरावांनी पहिली मूठ घेतली. खिडकीशी धरली. उलटी, सुलटी. तंतू ओढला. "दोन नंबर."

चष्मेवाल्यानं चिठ्ठी बघितली. "बरोबर."

"एक नंबर." "बरोबर." "तीन नंबर. आणि ह्याच्यात जुना माल मिसळलाय." "... बरोबर." चौथा, पाचवा, सहावा. आवाज एकदाही हलला नाही.

सातवी पुडी उघडली. माणिकराव बघत राहिले. परत बघितलं. मला वाटलं, आता हे म्हणणार, "एक... न्हाई, दोन..."

माणिकरावांनी मूठ खाली ठेवली. "साहेब, पुडी बदलली, कापूस तोच हाय. दुसऱ्या पुडीतला."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला. "माणिकराव, ही खोडी मी बारा तालुक्यांत केली. आजवर कुणी धरली न्हवती!"

मग काय आवाज झाला म्हणता! टोप्या उडाल्या! आण्णा स्वतः उठून टाळ्या वाजवायला लागले. वहिनी आत आल्या.

गलका शांत झाल्यावर मॅनेजर साहेबांनी पत्रिका उचलली आणि वाचलं, "विषय दुसरा, मागील सभेतून तहकूब. वेचणी हॉलच्या खिडक्यांचे डांबर काढणे."

शंभर माणसांनी माना वळवून खिडक्यांकडं बघितलं. बाराच्या बारा खिडक्या. शहाण्णवच्या शहाण्णव काचा. बाहेर बालाघाटचा डोंगर झाडंसुद्धा मोजता येतील असा दिसत होता.

मागून सोजरबाईला खोकला आला.

आण्णांनी खिडकीकडं बघितलं. पत्रिकेकडं बघितलं. घसा साफ केला. "विषय महत्त्वाचा हाय. मागच्या खेपंला आपण चुकलो. सर्वानुमते मंजूर!"

"मंजूर! मंजूर!"

"निवरती!"

"जी, आण्णा."

"उद्यापासून डांबर काढायला लाग. किती दिवस लागतील?"

मी वर बघितलं. सगळीकडं नीट बघितलं. "आण्णा, आठ दिवस तरी लागतील."

"लागू दे. सावकाश कर."

सभा उठली. लोक चहाकडं गेले. मी केरसुणी घेतली, तेवढ्यात माणिकराव टेबलामागून आले. त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरला आणि मला खिडकीपाशी नेलं. हात उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. बोटं एकेक करून फाकवली. नखांत चार महिन्यांचं काळं बसलेलं होतं.

चष्मेवाला मागून म्हणाला, "हा कुठला नमुना, माणिकराव?"

माणिकरावांनी हात आणखी जरा खिडकीकडं नेला.

"कचरा थोडा हाय," ते म्हणाले. "पण एक नंबर."